शेवटी तो पाळणा दाखवायलाच हवा होता का? (रहस्यभेद आहे)

सांजवेळ: आयरा लेव्हिनची १९६७ची 'रोझमेरीज बेबी' परवा तिसऱ्यांदा वाचली. शहरातली भयकथा लिहावी तर अशी. पडका वाडा नाही, स्मशान नाही. न्यूयॉर्कमधली जुनी इमारत, नवं जोडपं, पडद्यांची हौस आणि भिंतीपलीकडे मायेनं विचारपूस करणारे म्हातारे शेजारी. काळही खराखुरा. ऑक्टोबर १९६५मध्ये पोप सहावे पॉल न्यूयॉर्कला आले होते. ते टीव्हीवर दिसत असतात, त्याच रात्री तो भयंकर प्रकार घडतो.

रातवाचक: मला नाही पटत. निम्मं पुस्तक घर लावण्यातच जातं. शेजाऱ्यांचा खरंच कट आहे की गरोदर रोझमेरीच्या मनाचे खेळ, हा संशय छान ताणलाय. मग शेवटी सैतानाचं बाळ पाळण्यात दाखवलं आणि माझी भीती तिथेच संपली. संशय ठेवला असता, तर पुस्तकानं झोप उडवली असती.

सांजवेळ: संशय ठेवला असता, तर तिला वेडी ठरवून आपण मोकळे झालो असतो! कित्येक महिने पोटात कळा येतात आणि डॉक्टर सांगतो, पुस्तकं वाचू नका, मैत्रिणींचं ऐकू नका. ती पळून दुसऱ्या डॉक्टरकडे, डॉ. हिलकडे जाते. ते शांतपणे ऐकतात, धीर देतात आणि तिच्या नवऱ्यालाच बोलावून घेतात. त्या पानावर अमानवी काही नाही, तरी तिसऱ्यांदाही माझे हात गार पडले. ती खरं बोलत होती, हे लेखकानं ठामपणे सांगायलाच हवं होतं.

खिडकीपाशी: घर लावण्याची पानं कंटाळवाणी कशी? आधीच्या भाडेकरू बाईनं जड टेबल ओढून भिंतीतल्या कपाटाच्या दारापुढे लावलेलं असतं. आपण ते वाचून सहज पुढे जातो आणि ते का केलं, हे कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

रातवाचक: टेबल मान्य, डॉ. हिलही मान्य. पण शेवट नाहीच. सुरी घेऊन आलेली बाई त्याच बाळाला जोजवू लागते. आई झाली की सगळं माफ?

सांजवेळ: माफ कुठे करते? नवऱ्याच्या तोंडावर थुंकते ती. बाकीचे बाळाला एड्रियन म्हणतात, तेव्हा ती ठणकावून सांगते की त्याचं नाव अँड्र्यू.

रातवाचक: थुंकणं विसरलो होतो. तरी पाळण्याबद्दल माझं मत तेच आहे.