साथ आली की लष्कर बोलवायचं? पुण्यात झालंय करून!

रंकाळावेस: काल 'दसराचौक' यांनी लिहिलं, साथ म्हणजे आक्रमणच, आरोग्य खात्याकडून काढून संरक्षण खात्याला द्या, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं हुकूम सोडावेत. वाचता वाचता चहा गार झाला राव. १८९७ ला पुण्यात प्लेगच्या वेळी रँडनं दुसरं काय केलं? गोरे सोजीर थेट देवघरात. लोक आजारी माणसं लपवायला लागले, आणि शेवट गणेशखिंडीत गोळ्यांनी झाला. २०२१ ला दक्षिण आफ्रिकेनं कोरोनाचा नवा अवतार ओमायक्रॉन इमानदारीत जाहीर केला, तर जगानं त्यांचीच विमानं अडवली. पुढच्या खेपेला कोण सांगेल?

दसराचौक: कुठलाही विषय रँडवर नेल्याशिवाय तुम्हाला जेवण जात नाही काय? २०१४ ला सुरक्षा परिषदेनं इबोलाला जागतिक शांततेला धोका म्हटलं, ठराव २१७७. अमेरिकेचे सैनिक लायबेरियात उपचार केंद्रं बांधायला उतरले ते त्याच महिन्यांत. 'आरोग्य' म्हटलं की फाईल फिरते, 'सुरक्षा' म्हटलं की पैसा सुटतो.

गावभागातली: कुणासाठी सुटतो? २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ होती. आमच्या जाऊबाई सात महिन्यांच्या गरोदर. पाणी उकळायचो, पण भांडी नळाखालीच धुवायचो, हे नंतर डोक्यात आलं. दूषित पाण्यातनं येणारी ती कावीळ गरोदर बाईला सोडत नाही. जाऊबाई वाचल्या, बाळ गेलं. पाळण्याची दोरी अजून माळ्यावर आहे. आमची कावीळ विमानात बसून कुठं जात नाही, मग ठराव कोण करणार?

रंकाळावेस: ताई, हेच म्हणतोय मी.

गावभागातली: तुम्ही म्हणूच नका. जयंती नाला कुणाचा? तुमच्या कोल्हापूरची घाण पंचगंगेतनं वाहून आमच्याकडं येते.

रंकाळावेस: आणि तुमच्या कापड रंगवायच्या प्रोसेसचं रंगीत पाणी? ते काय गुलाबपाणी?

शिरोळचा_गडी: भांडा, भांडा! दोघांचंबी आम्हीच पितोय. खाली नदीवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर मासं पांढरं पोट वर करून पडत्यात, तवा तुमी दोघं कुटं असता?

रंकाळावेस: भावा, नाला आमचा. कबूल. पण सगळा दोष कोल्हापूरच्या माथी नको.

शिरोळचा_गडी: आलं का 'पण'!

दसराचौक: ताईंचं वाचून लष्कर मागं घेतो. 'सुरक्षा' मात्र घेणार नाही. तुमच्या नळालाही ती लागतेच.

गावभागातली: मग नळापासून सुरुवात करा की. लायबेरिया लांब आहे.

शिरोळचा_गडी: आदी बंधाऱ्यावर या. रुमाल आणा संगट.