घाणेकरांविषयी राग आणि ओढ, दोन्ही

‘...आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’ (२०१८) हा मराठी रंगभूमीवरच्या या गाजलेल्या नटावरचा चित्रपट नायकाच्या व्यसनाचे आणि बेफिकिरीचे उदात्तीकरण करतो, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. दारूमुळे झालेली वाताहत त्यात लपवलेली नाही. माझी अडचण वेगळी आहे: कथेचा बराचसा आधार त्यांच्या दुसऱ्या पत्नी कांचन घाणेकरांचे ‘नाथ हा माझा’ हे पुस्तक असल्याने या माणसाकडे पाहण्याची नजर मुळातच प्रेमाची आहे, आणि पहिली पत्नी इरावती यांनी काय सोसले असेल ते मला ओझरतेच दिसले. नांदेडला चित्रपट पाहताना लाल्याच्या (‘अश्रूंची झाली फुले’ या नाटकातली घाणेकरांची गाजलेली भूमिका) प्रवेशाला शिट्ट्या पडल्या (टाळ्या मीही वाजवल्या), परंतु इरावतींच्या प्रसंगांत प्रेक्षकांची चुळबुळ सुरू झाली. घाणेकर साकारणाऱ्या सुबोध भावे यांचे काम उत्तम आहे, म्हणूनच हा झुकाव अधिक खटकतो.