उत्तर: हवेचे नमुने घ्यायचं पत्र – जमिनीतली वाफ की कपाटातली?

प्रेषक: केदार

मंडळी, नमस्कार.
माउंटन व्ह्यू, कॅलिफोर्नियातल्या व्हिस्मन रोडजवळच्या आमच्या टाउनहाउसला घरातल्या हवेचे नमुने घ्यायची परवानगी मागणारं पत्र आलंय. सोबत घरात काय काय सामान आहे याची लांबलचक प्रश्नावली आहे. परवानगी द्यावी का? आधी काय तयारी करावी? आणि काही सापडलंच, तर ते जमिनीतून आलं की आमच्याच घरातून, हे कसं ठरवतात?

-----
प्रेषक: मेधा

केदार, परवानगी जरूर दे. तुमचा भाग मिडलफिल्ड-एलिस-व्हिस्मन सुपरफंड साइटच्या, म्हणजे सरकारी शुद्धीकरण यादीतल्या दूषित जागेच्या, आसपासचा. फेअरचाइल्ड, इंटेल, रेथिऑन वगैरेंच्या जुन्या चिप कारखान्यांत धातूवरचं तेल-ग्रीस काढायला ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीई, वापरत. ते गळून भूजलात गेलं. भूजल शुद्धीकरणाचा निर्णय 1989चा, पण घरात शिरणाऱ्या वाफेसाठी त्या निर्णयात सुधारणा थेट 2010मध्ये झाली. तिच्यानुसार घरातल्या हवेत टीसीईची मर्यादा घनमीटरला 1 मायक्रोग्रॅम, ऑफिसात 5.

आता मुख्य मुद्दा. घरातल्या हवेचा एकटा आकडा उगम सांगत नाही. कोणत्याही घराची हवा तपासली तर डझनभर रसायनं सापडतातच. घराला चिकटून गॅरेज असेल तर बेंझिन येणार, कारण गाडी आणि लॉनमोअरच्या पेट्रोलची वाफ आत येते. क्लोरोफॉर्म नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्यातून, विशेषतः गरम शॉवरमधून. कार्बन टेट्राक्लोराइड तर बाहेरच्या हवेतच घनमीटरला 0.4-0.5 मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, ते पाहून घाबरायचं कारण नाही. म्हणूनच त्याच दिवशी अंगणातही एक नमुना लावतात, आणि तो घरातल्यापेक्षा तास-दोन तास आधी सुरू करतात.

रिपोर्ट आला की आधी सिस-1,2-डायक्लोरोइथिलीन शोध. जमिनीत ऑक्सिजन नसतो तिथे जिवाणू टीसीई तोडतात, त्यातून ते तयार होतं. घरगुती वापराच्या वस्तूंत ते जवळजवळ नसतंच. टीसीईबरोबर तेही हवेत सापडलं, तर बोट जमिनीकडे जातं. नाही सापडलं, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण सगळीकडच्या भूजलात ते पुरेसं नसतं.

दुसरी कसोटी गुणोत्तराची. फरशीखालच्या आणि घरातल्या हवेचे नमुने एकाच वेळी घेतात. समजा फरशीखाली घनमीटरला टीसीई 600 मायक्रोग्रॅम, सिस-डीसीई (वरचं सिस-1,2-डायक्लोरोइथिलीन) 200 आणि पीसीई (ड्रायक्लीनिंगचं टेट्राक्लोरोइथिलीन) 60 आहे, तर घरात अनुक्रमे 1.2, 0.4 आणि 3. पहिली दोन्ही 0.002 या एकाच प्रमाणात आत आली आहेत, म्हणजे वाट एकच. पीसीईचं प्रमाण 0.05, पंचवीसपट जास्त. ते जमिनीतलं नाही, कपाटात ड्रायक्लीन केलेलं काहीतरी लटकतंय. हेच प्रमाण रेडॉन या जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूवरूनही पडताळता येतं, कारण रेडॉन घरातल्या डब्याबाटल्यांतून येत नाही. प्राथमिक चाळणीसाठी ईपीए, म्हणजे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, फरशीखालचा आकडा 0.03ने गुणते. फरशीखाली 12 असेल तर घरात फार तर 0.36 अपेक्षित. तिथे 4 आले तर आधी घरातच शोधायचं.

तयारीचं सांगते. नमुन्याच्या निदान दोन दिवस आधी रंग, थिनर, गोंद, डाग काढायचे स्प्रे, ब्रेक क्लीनर हे सगळं घराबाहेर काढ. नुसतं घट्ट झाकण लावून भागत नाही. जोडलेल्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवणंही फुकट, कारण तिथली हवा आतच येते. डब्यावरची घटकयादी वाच. टीसीई तिथे ‘ट्रायक्लोर’ नावानेही असतं आणि पीसीई ‘पर्क’ म्हणून. दारं-खिडक्या चोवीस तास आधीपासून बंद. घर छान हवेशीर करून ठेवायचा मोह होतो, पण मग पाहुण्यांसाठी आवरलेल्या घराचा आकडा मिळतो, रोजच्या घराचा नाही.

सॅनिटायझर किंवा अल्कोहोलने फरशी पुसू नका, हे कंत्राटदार क्वचितच सांगतात. हवेत अल्कोहोल फार असलं तर लॅबला नमुना विरळ करून चालवावा लागतो, आणि त्याबरोबर टीसीईची शोधमर्यादा, म्हणजे यंत्राला दिसू शकणारा सर्वांत लहान आकडा, वर जाते. मग रिपोर्टमध्ये ‘3च्या खाली, आढळलं नाही’ असं येतं. मर्यादा 1ची असताना त्या ओळीचा उपयोग शून्य.

– मेधा

-----
प्रेषक: सुहास

मेधाताईंच्या मुद्द्यांना पूर्ण अनुमोदन, एक सोडून. फरशीखाली 12 आणि घरात 4 असेल तर ‘आधी घरातच शोधा’ हे घाईचं होईल. तिसरी वाट ड्रेनेजची. जुन्या सांडपाण्याच्या पाइपांचे सांधे फुटलेले असतात. दूषित भूजल त्यांत झिरपतं आणि वाफ पाइपातून थेट बाथरूममध्ये येते. फरशीखालचा नमुना तेव्हा स्वच्छच दिसतो. वाफ पाइपाने भूजलाच्या दूषित पट्ट्याबाहेरच्या घरांतही पोचते, त्यामुळे नकाशावरच्या रेषेच्या बाहेर आहोत म्हणून निर्धास्त राहू नये.

केदार, न वापरलेल्या शॉवरच्या किंवा फ्लोअर ड्रेनच्या वळणातलं पाणी सुकलं असेल तर बादलीभर ओत. कमोड हलतो का बघ, त्याखालचं मेणाचं कडं गेलं की तिथून हवा येते. पण हे नमुन्याच्या आधी करू नकोस. रोज जसं आहे तसंच मोजू दे, नंतर दुरुस्त कर. एक नमुना बाथरूममध्ये आणि एक ड्रेनेजच्या क्लीनआउटमधून (पाइप साफ करायच्या झाकणाच्या तोंडातून) घ्यायला सांग.

नमुना सहा लिटरच्या स्टीलच्या कॅनिस्टरमध्ये, चोवीस तास. आत निर्वात असतं, फ्लो कंट्रोलर मिनिटाला साधारण साडेतीन मिलिलिटर हवा आत सोडतो. सुरुवातीला निर्वाताचं गेज 28 ते 30 इंच पारा दाखवतं, उचलताना 4-5 इंच उरायला हवं. शून्य असेल तर कॅनिस्टर कधी भरला कोण जाणे, कदाचित पहिल्या सहा तासांतच. 25वर अडकलं असेल तर व्हॉल्व्ह चोंदलाय. दोन्ही आकड्यांचे फोटो तू स्वतः काढ. तोंड जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर, खिडकी आणि व्हेंटपासून दूर.

रिपोर्टवरचं एकक न चुकता बघ. टीसीईचं 1 पीपीबी (अब्जात एक भाग) म्हणजे घनमीटरला सुमारे 5.4 मायक्रोग्रॅम. 0.5 पीपीबी वाचून सुटकेचा श्वास टाकणारा माणूस खरं तर 2.7वर असतो.

टाउनहाउसच्या फरशीला भोक पाडू द्यायच्या आधी असोसिएशनला विचार, स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल आहेत का. ड्रिल त्यात गेलं तर केबल तुटते आणि धोका गंभीर असतो. जमिनीचं रडार फिरवल्याशिवाय हात लावू देऊ नये. इथल्या आयक्लर नावाच्या बिल्डरच्या जुन्या घरांत वेगळीच पंचाईत, फरशीत गरम पाण्याच्या नळ्या असतात. हीटिंग चालू करून थर्मल कॅमेऱ्याने त्या आधी शोधाव्या.

एवढं करूनही संशय राहिला तर दाबाची चाचणी. ब्लोअर डोअरने, म्हणजे दारात बसवलेल्या मोठ्या पंख्याने, घरातला दाब बाहेरपेक्षा 5 ते 10 पास्कल कमी करतात. टीसीई वाढलं तर ते जमिनीतून किंवा पाइपातून ओढलं जातंय. मग उलट दाब देतात. तेव्हाही ताज्या हवेने विरळ होण्यापलीकडे ते घटलं नाही, तर उगम घरातच आहे. कंत्राटदार याला कुरकुरतात, पण एका दिवसात निकाल लागतो.

– सुहास

-----
प्रेषक: वैशाली

मेधाताई, पैठण्यांच्या बॅगेतल्या डांबरगोळ्या, देव्हाऱ्यातली उदबत्ती, मागच्या गणपतीचं मखर हे सगळं प्रश्नावलीत लिहायचं?

-----
प्रेषक: मेधा

वैशाली, सगळंच लिहायचं. डांबरगोळ्या नॅफ्थलिनच्या असतात किंवा 1,4-डायक्लोरोबेंझिनच्या, दोन्ही थेट रिपोर्टवर उमटतात. बॅग घराबाहेर काढली तरी कपाटाच्या लाकडात मुरलेला वास आठवडाभर निघत राहतो, म्हणून ते लवकर काढ. उदबत्तीच्या धुरात बेंझिन असतं. नमुन्याच्या आदल्या दिवसापासून फक्त तुपाचं निरांजन, देव समजून घेईल. मखराचा थर्माकोल आणि स्प्रे पेंट टोल्युइन-स्टायरिनच्या गटातले, टीसीईच्या निर्णयात ते आड येत नाहीत.

पॉलिरेझिनच्या मूर्तींकडे मात्र लक्ष ठेवा. साच्यातल्या प्लास्टिकच्या ख्रिसमस सजावटीतून 1,2-डायक्लोरोइथेन महिनोन्‌महिने बाहेर पडतं, हे तपासून सिद्ध झालंय. त्याची प्राथमिक चाळणीची मर्यादा घनमीटरला 0.11 मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे की एखादी वस्तू पुरते. रिपोर्टवर ते एकटंच वर आलं असेल, तर आधी शोकेस बघा.

सुहासने सांगितलेली ड्रेनेजची तिसरी वाट मान्य.

केदार, घरात कोणी गरोदर असेल किंवा होऊ घातली असेल, तर कंत्राटदाराला आधीच सांग आणि लॅबकडून तातडीचा निकाल माग. पहिल्या तिमाहीत टीसीईमुळे गर्भाच्या हृदयाच्या जडणघडणीला धोका मानला जातो, त्यामुळे ईपीएच्या इथल्या विभागाने 2014मध्ये वेगळे आकडे ठरवले. घरात 2 ओलांडले तर काही आठवड्यांत उपाय, 6 ओलांडले तर काही दिवसांत. तोवर बाहेरची हवा आत घ्यायची, फरशीतल्या भेगा आणि पाइपाभोवतीच्या फटी बुजवायच्या, आणि एअर प्युरिफायर आणायचाच तर किलोभर तरी सक्रिय कोळसा असलेला. नुसता हेपा फिल्टर धूळ पकडतो, वाफ त्यातून सरळ निघून जाते. कायमचा उपाय रेडॉनसारखाच: फरशीखालून पाइप, वर पंखा, हवा छपराबाहेर.

पहिला नमुना स्वच्छ आला तरी दुसरा हिवाळ्यात घ्यायला लाव. हीटर चालू असताना गरम हवा वर जाते आणि घर खालून जास्त ओढतं.

– मेधा