पुस्तकात युद्ध कामून नाही?

लातूरची पोरगी: जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' (2004) सिनेमा परवा लाइट जायच्या आत मोबाइलवर संपवला. आता डायना विन जोन्स यांची 1986ची मूळ कादंबरी धरलीय. पन्नास पानं झाली, युद्धाचा पत्ताच नाही!

परभणीकर: ताई, युद्धाचं एवढं प्रस्थ सिनेमानंच वाढवलंय. पुस्तकात किल्ल्याच्या जादुई दाराच्या काळ्या बाजूनं जादूगार हाउल थेट आपल्या जगातल्या, ब्रिटनच्या वेल्समधल्या बहिणीच्या घरी जातो. सिनेमात वेल्स गायबच. नायिका सोफीच्या दोन बहिणींतली एकच ठेवली.

रिटायर मास्तर, नांदेड: पंधरा वर्षांचा, प्रेमात पडलेला हाउलचा शागीर्द मायकल, सिनेमात त्याचं पार लेकरू केलं. लई खटकलं मला. चुलीतल्या आगीच्या भुताची, कॅल्सिफरची कुरकुर तेवढी शाबूत.

लातूरची पोरगी: आवं मास्तर, थांबा! वेल्सपर्यंत पोचू द्या की मला.