मदत हवी आहे: जुन्या जीपच्या पुढच्या चाकांची बेरिंग कोल्हापुरात कुठं मिळतील?

मंडळी, घरात वडिलांची जुनी महिंद्रा सीजे ३बी आहे. गेल्या रविवारी गगनबावड्याकडं चिखलात घालून आणली आणि परतताना पुढचं डावं चाक घूंऽऽ करायला लागलं. हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेरिंग बसतं) उघडला तर ग्रीस ताकासारखं पांढरं, रोलरवर खड्डे, कप म्हणजे बेरिंगची बाहेरची कडी तापून निळसर पडलेली. पाणी-चिखल आत येऊ न देणारं सील फाटलं होतं, खरा चोर तोच.

टेपर रोलर बेरिंग, म्हणजे निमुळत्या रोलरचं, आहे. पुसून बघितल्यावर कोनवर (आतल्या कडीवर) १८५९० आणि कपवर १८५२० वाचता आलं. आतलं भोक ४१.२७५ मिमी, बाहेरचा व्यास ७३.०२५, म्हणजे मुळात इंचांत ठरलेलं माप. एक दुकानदार मेट्रिकमधलं जवळपासचं बसवून देतो म्हणाला, मीच नको म्हटलं. दुसऱ्याकडं खोकं भारी कंपनीचं, पण बेरिंगवरची छपाई नखानं निघत होती!

उद्यमनगरात किंवा शिरोलीकडं असला माल खात्रीनं ठेवणारं कोणी आहे का? एका हबला दोन, म्हणजे दोन्ही चाकांचे मिळून चार सेट आणि सील हवेत. कप छिन्नीनं न ठोकता नीट बसवणारा मिस्त्री माहीत असेल तर तोही सांगा. तोवर गाडी जॅकवरच आहे.