मदत हवी आहे: लँडलाइनच्या जुन्या वायरीतून नेट वरच्या मजल्यावर नेता येईल का?

मंडळी, इंदिरानगरला आमचं ९८ साली बांधलेलं रो-हाउस आहे. बाबांनी तेव्हाच फोनची वायर भिंतीतून फिरवून घेतली होती. एक डबी हॉलमध्ये, एक जिन्याच्या वळणावर (तिथून देवघराकडे एक फाटा) आणि एक गच्चीलगतच्या माझ्या खोलीत. फोन लागायला वर्षं लागायची तो काळ, मग आलेला फोन घरभर खणखणलाच पाहिजे ही त्यांची हौस. फोन केव्हाच परत केला, वायर तशीच आहे.

आता फायबरचा राउटर हॉलमध्ये आणि मी वर, मध्ये दोन स्लॅब. वायफायची जेमतेम एक कांडी येते. जिन्यात रिपीटर लावून पाहिला, मीटिंगमध्ये माझा चेहरा गोठतो तो गोठतोच. नवी केबल टाकायची तर इलेक्ट्रिशियन म्हणतो, झिरी मारावी लागेल. दिवाळीत रंग काढलाय, त्यामुळे आईसमोर तो शब्दही काढायची सोय नाही.

काल वरची डबी उघडली. आत पालीच्या अंड्यांची दोन टरफलं आणि राखाडी वायरीत चार तारा: निळी-पांढरी, नारिंगी-पांढरी. फोनला फक्त निळी जोडी होती, तिची टोकं हिरवी पडलीत. ती कापून, सोलून दोन्हीकडे आरजे ४५ (नेटच्या केबलचा प्लग) क्रिंप केलं, पिन १, २, ३, ४. पण राउटरचा दिवाच लागत नाही. वायर गेली का? प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे, वर १०० मिळाले तरी मला पुष्कळ.

प्रतिसाद १
वायर नाही हो, पिना चुकल्यात. १०० ला दोन जोड्या पुरतात, पण १-२ आणि ३-६ वर. तुमची ४ वरची तार नुसती बसून आहे. निळी जोडी १-२, नारिंगी ३-६, दोन्ही टोकांना सारखंच. गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) चारही जोड्या लागतात, ते विसरा.
जिन्यातला देवघराचा फाटा तोडा. फोनला फाटे चालतात, नेटचा सिग्नल मात्र फाट्याच्या टोकाला आपटून परत येतो. खांबावरून आलेली वायरही हॉलमध्येच कापा. चालू लाइनवर ४८ व्होल्टच्या आसपास असतात, रिंग वाजताना आणखी जास्त. लाइन बंद आहे असं समजून राउटर पणाला लावू नका.

प्रतिसाद २
आधी वायर ओढून बघा! पाइपात सैल असेल तर तिच्याच टोकाला कॅट ६ (नेटची केबल) बांधायची, टाल्कम पावडर लावायची आणि दुसऱ्या बाजूने ओढायची. झिरी नाही, काही नाही. एकच जोडी असती तर मात्र जी.एचएनचे (फोनच्या तारेवरून नेट नेणारे) अ‍ॅडॉप्टर घ्यावे लागले असते, ते एका जोडीवरही चालतात. पण खिसा हलका होतो.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. वायर ओढली, चार बोटं सरकली आणि जिन्याच्या वळणावर अडकली. जास्त जोर लावला नाही, होती तीही तुटायची.
मग पिना बदलल्या. दिवा लागला, पण दर पाच मिनिटांनी विझायचा. जिन्यातली डबी उघडून फाटा तोडला, सांधे नव्याने पिळून टेप मारली. कालपासून ९४ एमबीपीएस, एकदाही तुटलं नाही. डबीचा एक स्क्रू तेवढा जिन्यातून घरंगळत कुठे गेलाय देव जाणे.