कॅल्शियम योग्य पातळीत असताना पीटीएच का वाढते?

प्रश्न:
माझ्या आईच्या (वय 62) रक्ततपासणीत कॅल्शियम 9.1 आणि फॉस्फेट 2.4 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आले असून ड जीवनसत्त्व अवघे 9 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथींचे संप्रेरक, म्हणजे पीटीएच, मात्र 110 आले. प्रयोगशाळेने छापलेली मर्यादा 15 ते 65 आहे. उपचार सुरू झालेले आहेत, त्यामुळे सल्ला नको, केवळ कारणमीमांसा हवी आहे. कॅल्शियम पुरेसे असताना पीटीएच का वाढावे? शिवाय हे संप्रेरक हाडांतून कॅल्शियमबरोबर फॉस्फेटही बाहेर काढत असेल, तर फॉस्फेट कमी कसे?

प्रतिसाद 1:
पीटीएच वाढले आहे म्हणूनच कॅल्शियम पुरेसे दिसते आहे. शरीरातील सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. परंतु रक्तातला उरलेला अंश स्नायूंना आणि मज्जातंतूंना इतका आवश्यक असतो की, तो टिकवण्यासाठी शरीर हाडे झिजवायलाही मागेपुढे पाहत नाही. ड जीवनसत्त्वाअभावी आतड्यात कॅल्शियम नीट शोषले जात नाही, रक्तातील मुक्त कॅल्शियम किंचित घसरते, आणि परावटू ग्रंथी ती घसरण तत्काळ ओळखून पीटीएच सोडतात.

हाडातील खनिज मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचेच बनलेले असल्याने ते विरघळले की दोन्ही रक्तात येतात. त्यांची फारकत होते ती मूत्रपिंडात. तेथे पीटीएच कॅल्शियम परत शोषून घ्यायला लावते, तर फॉस्फेटचे पुनर्शोषण रोखून ते लघवीवाटे घालवते. फॉस्फेट रक्तातच साचले असते, तर त्याने मुक्त कॅल्शियमला बांधून ठेवले असते आणि हाडे झिजवण्याचा सारा खटाटोप वाया गेला असता.

प्रतिसाद 2:
वरील उत्तराला एक जोड. ड जीवनसत्त्वाला क्रियाशील रूप, म्हणजे कॅल्सिट्रायॉल, मूत्रपिंडात मिळते आणि त्यासाठीही पीटीएचच चालना देते. तुमच्या अहवालातला 9 हा आकडा बहुधा त्या आधीच्या, यकृतात तयार होणाऱ्या साठ्याच्या रूपाचा आहे. हाडांतील पेशी एफजीएफ-23 नावाचे आणखी एक संप्रेरक सोडतात. तेही फॉस्फेट लघवीवाटे घालवते, पण पीटीएचच्या उलट कॅल्सिट्रायॉल कमी करते. मूत्रपिंडे बरीच निकामी झाली की, पीटीएच वाढूनही फॉस्फेट चढतेच, कारण ते बाहेर टाकणारी वाटच अरुंद झालेली असते. म्हणून असा अहवाल क्रिएटिनिनसह, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीसह, वाचावा.

प्रश्नकर्ती:
क्रिएटिनिन 0.8 आहे. पाठ्यपुस्तकात कॅल्शियम कमी करणारे म्हणून शिकवलेल्या कॅल्सिटोनिनचा उल्लेख मात्र कोणीच केला नाही.

प्रतिसाद 3:
माणसात त्याचे महत्त्व फारच थोडे आहे. माझी संपूर्ण अवटू (थायरॉइड) ग्रंथी काढलेली आहे, म्हणजे कॅल्सिटोनिनचा मुख्य स्रोतच गेला. तरी त्यावाचून काही अडले नाही. अडले ते शेजारच्या परावटू ग्रंथी काही आठवडे मंदावल्यामुळे: दुसऱ्याच दिवशी ओठांभोवती मुंग्या आल्या आणि बोटे आखडली. तेव्हा कॅल्शियमसोबत साध्या ड जीवनसत्त्वाऐवजी थेट कॅल्सिट्रायॉल दिले गेले, कारण पीटीएच नसताना मूत्रपिंड ते पुरेसे तयार करीत नाही.